एक कुंडी, दहा वर्षं

माझ्या खोलीत मिरच्या होत्या. एवढंच.

कर्जत तालुक्यातल्या आमच्या घराची माडी. पूर्वी आजी तिथे कांदे पसरायची. मी तिथे लोखंडी मांडणी लावली होती. तिच्यावर नऊ कुंड्या, वर एलईडीचं पॅनल, एक छोटा पंखा, मातीतला ओलावा मोजणारे दोन सेन्सर आणि या सगळ्याला जोडणारं एक स्वस्तातलं सर्किट. कंपनीने घरून काम करायची मुभा दिली होती, हाताला काहीतरी चाळा हवा होता. आमच्याकडे पावसात अंगणातली मिरची कुजते, म्हणून घरात लावून बघू, इतका साधा हेतू. पॅनलचा उजेड जांभळट गुलाबी. रात्री तो खिडकीतून थेट रस्त्यावर पडायचा आणि येणारा-जाणारा मान वर करून बघायचा.

एका संध्याकाळी दोन पोलीस आले. इंजिनिअर पोराने माडीवर 'काहीतरी लावलंय' असं कुणीतरी कळवलं होतं. आईने पाणी दिलं. बाबा दाराला टेकून गप्प उभे. वयाने मोठ्या हवालदारांनी एक पान चुरगळून वास घेतला, एक मिरची तोडली, दाताखाली धरली आणि डोळ्यांत पाणी आल्यावर म्हणाले, "मिरचीच आहे." धाकट्याला काही ते पटेना. "पण मिरचीला एवढा लाईट?" जाताना आईने त्यांना ओंजळभर मिरच्या बांधून दिल्या. दहा मिनिटांत विषय संपला.

माझा संपला नाही. ते रोप मिरचीचं नसतं तर काय झालं असतं, हे मला त्या रात्री नीट कळून घ्यायचं होतं. मी रोज दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला कोड वाचून पोट भरतो. कायदा म्हणजे तरी काय, अटी आणि त्यांचे परिणाम. म्हणून एनडीपीएस, म्हणजे अमली औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांचा १९८५ चा कायदा उघडला आणि कलम २० पाशी आलो. तिथे जे दिसलं ते माझ्या कामात दिसलं असतं, तर मी टीम लीडला रात्रीच फोन केला असता.

पायरी नसलेला जिना

कलम २० चे दोन भाग आहेत. पहिला भाग कॅनबिसचं, म्हणजे गांजाचं झाड लावण्याचा. दुसरा भाग बनवणं, बाळगणं, विकणं, विकत घेणं, वाहून नेणं आणि वापरणं, या सगळ्यांचा.

दुसऱ्या भागाला पायऱ्या आहेत. गांजा एक किलोपर्यंत असेल तर ते 'अल्प प्रमाण'. त्याला जास्तीत जास्त एक वर्ष कैद, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एक ते वीस किलोच्या मधे असेल तर दहा वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड. वीस किलोच्या वर गेलं की 'व्यापारी प्रमाण', मग किमान दहा आणि कमाल वीस वर्षं. शिक्षा कडक आहेत, पण त्यांच्यात काही एक हिशोब आहे. थोडं असेल तर थोडी, जास्त असेल तर जास्त.

पहिल्या भागाला पायरीच नाही. एक झाड असो की एकरभर, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड.

आता दोन माणसं शेजारी उभी करा. एकाने नाक्यावरच्या माणसाकडून नऊशे ग्रॅम गांजा आणला. त्याची कमाल शिक्षा एक वर्ष. दुसऱ्याने कुणाकडून काही विकत घेतलं नाही, कुणाला काही विकलं नाही, बाल्कनीत एक कुंडी ठेवली. त्याची कमाल शिक्षा दहा वर्षं. म्हणजे एकोणीस किलो गांजा गाडीत घालून नेणाऱ्याइतकीच. दहा ही कमाल मर्यादा आहे, किमान नाही, एखादे न्यायाधीश कमीही देतील, हे मला मान्य आहे. पण एकाच्या डोक्यावर एक वर्षाची तलवार आणि दुसऱ्याच्या डोक्यावर दहा वर्षांची, हे कायद्यानेच ठरवून ठेवलंय.

हे मुळात असं नव्हतं. १९८५ च्या मूळ कायद्यात झाड लावण्याला कमाल पाच वर्षं होती आणि गांजा बाळगण्यालाही पाचच. २००१ साली संसदेने शिक्षांची फेरमांडणी केली. हेतू चांगला होता. मोठ्या तस्करांना जरब बसावी आणि किरकोळ सेवन करणारा त्यांच्या बरोबरीने भरडला जाऊ नये, म्हणून 'अल्प' आणि 'व्यापारी' असे टप्पे आले. थोडा गांजा बाळगणाऱ्याची शिक्षा पाच वर्षांवरून सहा महिन्यांवर आली (२०१४ साली तिचं एक वर्ष झालं). त्याच दुरुस्तीत झाड लावणाऱ्याची शिक्षा पाचवरून दहावर गेली. किरकोळ माणसाला सोडवण्यासाठी केलेल्या दुरुस्तीने सगळ्यात किरकोळ माणसाला दुप्पट अडकवलं.

पुढची गंमत व्याख्येत आहे. कायद्याच्या लेखी गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळावर आलेले शेंडे. शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया हा गांजा नव्हे. उत्तरेत भांगेची सरकारमान्य दुकानं चालतात ती या फटीतून. (महाराष्ट्रात भांग १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली येते आणि तिला परवाना लागतो.) पण झाड मात्र संपूर्ण गुन्हा. फुलोरा यायच्या आधीचं, ज्याच्यावर कायद्याच्या व्याख्येतला 'गांजा' एक ग्रॅमही नाही, असं वीतभर रोपसुद्धा.

दिवा कशासाठी?

आता माझ्या दिव्याकडे येतो. त्या धाकट्या पोलिसाचा प्रश्न बरोबर होता. मिरचीला एवढा लाईट कशाला? आमच्या भागात पावसाळ्याचे चार महिने सोडले तर ऊन काही विकत आणावं लागत नाही. गांजाचं झाडही लाडावलेलं नाही. हिमालयाच्या उतारांवर ते आपोआप वाढतं, कुणी पेरायला जात नाही. मग हिंदुस्थानात कुणी ते बंद खोलीत, बल्बाखाली का वाढवावं?

दिवसाची लांबी ओळखणारी झाडं आमच्याकडच्या शेतकऱ्याला नवी नाहीत. कर्जतला भात संशोधन केंद्र आहे, 'कर्जत ३', 'कर्जत ७' हे वाण तिथलेच. पण ते केंद्र नव्हतं तेव्हाही आमच्या आज्यांना हळवं, निमगरवं आणि गरवं भात कळत होतं. जुनं गरवं भात पेरा कधीही, दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय ते निसवत नाही. गांजाचं बहुतेक झाड त्याच जातकुळीचं. रात्री मोठ्या झाल्या की फुलतं. बंद खोलीतला माणूस फक्त घड्याळ लावून झाडाला खोटा पावसाळा आणि खोटा हिवाळा दाखवतो. त्यासाठी दिवे लागतात, हवा खेळती ठेवायला पंखे लागतात, वास बाहेर जाऊ नये म्हणून गाळणी लागते, कोकणातल्या दमटपणात बुरशी येऊ नये म्हणून आणखी यंत्रं लागतात, आणि महिन्याच्या शेवटी महावितरणचं बिल येतं. एवढा सगळा आटापिटा एका गोष्टीसाठी. कुणाला दिसू नये.

म्हणजे ही बंद खोली शेतीतून आलेली नाही, ती कलम २० मधून आली आहे. परदेशातही तसंच झालं. उघड्यावर लावणं अशक्य झालं म्हणून लोक तळघरात गेले. तळघरात जागा कमी आणि धोका मोठा, म्हणून थोड्या जागेत जास्तीत जास्त नशा देणारे वाण निवडले गेले. तोच माल आता 'हायड्रोपोनिक' या नावाने मिरवतो. थायलंडने २०२२ च्या जूनमध्ये बंदी उठवल्यावर तो बँकॉकच्या विमानातून मुंबईत यायला लागला, २०२५ मध्ये त्यांनी पुन्हा नियम आवळले. मुंबई विमानतळावर सामानात तो सापडल्याच्या बातम्या इतक्या नेहमीच्या झाल्यात, की आपण त्या वाचतही नाही. बंदीने झाड संपलं नाही. बंदीने झाडाला जिममध्ये घातलं.

आणि आपल्याकडेही खोल्या सापडायला लागल्या आहेत. २०२१ मध्ये बंगळुरूजवळच्या बिडदीत एका बंगल्यात, २०२३ च्या जूनमध्ये शिवमोग्ग्यात वैद्यकीय शाखेच्या विद्यार्थ्याच्या भाड्याच्या घरात, २०२४ च्या नोव्हेंबरात ग्रेटर नोएडातल्या एका फ्लॅटमध्ये. सगळीकडे दिवे, पंखे, कुंड्या. पोलीस पत्रकार परिषदेत हे सामान मांडतात तेव्हा ते हुबेहूब माझ्या माडीसारखं दिसतं, हे बघून मला घाम फुटला होता.

पण या खोल्यांच्या बातम्या होतात कारण त्या अपवाद आहेत. नेहमीची बातमी वेगळी असते आणि ती आतल्या पानावर असते. धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुका, सातपुड्याचा पायथा, कपाशी-तुरीच्या आड किंवा वनजमिनीवर गांजाचं पीक, पोलिसांनी उपटलं, जाळलं, अमुक जणांवर गुन्हा. तिकडे सोलापूर-सांगलीकडे उसाच्या फडात सापडलेली झाडं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने तर जिल्हाधिकाऱ्यांकडे दोन एकरांत गांजा लावायची परवानगी मागितली. दुसऱ्या कुठल्या पिकाला भाव मिळत नाही, असं त्याने अर्जात लिहिलं होतं. पोलिसांना तो प्रसिद्धीचा स्टंट वाटला. बाजारभाव मात्र कुणालाच स्टंट वाटला नाही.

इथे कलमाचा दुसरा चेहरा दिसतो. एकच गुन्हा, पण लपायची ऐपत वेगळी. ज्याच्याकडे कुलूप लावता येईल अशी खोली आहे, इन्व्हर्टर आहे, कुरिअरने सामान मागवायचं कार्ड आहे, त्याला कलम २० पासून भिंत मिळते. ज्याच्याकडे फक्त जमीन आहे, किंवा तीही दुसऱ्याची आहे, तो उघड्यावर असतो. कायद्याने पायरी ठेवली नाही, पण पैशाने ठेवली.

वीकेंडचा तालुका

कर्जत आणि खालापूर म्हणजे मुंबई-पुण्याचं अंगण. शुक्रवारी रात्री एक्स्प्रेस वेवर गाड्यांची रांग लागते. चौकपासून खोपोलीपर्यंत आणि इकडे कर्जतपासून नेरळपर्यंत फार्महाऊसच्या पाट्या. ज्या जमिनीवर माझ्या वर्गातल्या मुलांचे आजोबा नाचणी लावायचे, तिथे आता तरणतलाव आहेत आणि ती मुलं त्यांची राखण करतात.

नशेच्या बातमीत आमचं नाव येतं ते याच पाहुण्यांमुळे. २०११ च्या जूनमध्ये खालापूर तालुक्यातल्या एका रिसॉर्टवर रायगड पोलिसांनी छापा घातला. सुमारे तीनशे तरुण-तरुणी ताब्यात. अटक झालेल्यांत मुंबईच्या अमली पदार्थविरोधी पथकातला एक निरीक्षकही होता. मी तेव्हा शाळेत होतो. 'रेव्ह' हा शब्द आम्हाला त्या आठवड्यात कळला आणि पुढे वर्षभर गावाचं नाव सांगितलं की मुंबईचे नातेवाईक डोळे मिचकावायचे. मग २०२३ च्या डिसेंबरात खोपोलीजवळच्या ढेकू गावात एमडीचा कारखानाच सापडला. माल शंभर कोटींच्या वरचा. एमडी म्हणजे मेफेड्रोन, हे रसायन कुठल्या झाडाला लागत नाही. खरी भीती त्याची आहे. आमच्या वाडी-वस्त्यांच्या शेजारी, औद्योगिक शेडमध्ये, रात्रपाळीत ते तयार होत होतं.

आणि या सगळ्यात दहा वर्षांच्या कलमाखाली माझ्या ओळखीचा जो एकमेव माणूस अडकला, तो एका बंगल्याचा राखणदार आहे.

त्याचं नाव सांगत नाही. ठाकरवाडीतला, जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीपर्यंत माझ्या बाकावर. पुढे मी इंजिनिअरिंगला गेलो, तो खालापूरकडच्या एका बंगल्यावर लागला. गवत कापायचं, तलावाचं पाणी बदलायचं, झाडांना पाणी घालायचं, शनिवारी चिकन आणून द्यायचं. एका पावसाळ्यात बंगल्याच्या मागे, जिथे पाहुणे खुर्च्या टाकून बसायचे, तिथे तीन रोपं उगवली. कुणीतरी गांजा साफ करताना बिया झटकल्या असणार. पाऊस संपला तेव्हा ती गुडघ्याएवढी होती. दिवाळीच्या सुमाराला छातीएवढी. एका पार्टीच्या आवाजाची तक्रार गेली, पोलीस आले आणि त्यांना झाडं दिसली. पाहुणे म्हणाले आम्ही आजच आलो. मालकाने मुंबईहून फोनवर सांगितलं की मला कल्पना नाही. राहिला तो.

जामीन मिळायला सात आठवडे लागले. घरी आला तेव्हा मी भेटायला गेलो. तुला माहीत होतं का ते काय झाड आहे, असं मी विचारलं. तो म्हणाला, "पहिल्यांदी नव्हतं. मंग पाव्हण्यांनीच सांगितलं, नि वर म्हनले, ऱ्हाऊ दे." मग थोडा वेळ थांबून, "झाडाला पानी घालायचं काम माझं. कुठल्याला घालायचं नि कुठल्याला नाय, ते मला कोन सांगनार?"

त्याच्या वकिलाने मला कायदा समजावला आणि मी पुन्हा एकदा तो वाचला. कलम ५४ सांगतं, आरोपीने मशागत केलेल्या जमिनीवर कॅनबिसचं झाड उभं असेल आणि त्याला समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर न्यायालय गुन्हा त्यानेच केला असं गृहीत धरू शकतं. कलम ३५ सांगतं, त्याच्या मनात तसा हेतू होता असंही गृहीत धरायचं. नव्हता हे सिद्ध करायची जबाबदारी त्याची. पंचनाम्यात झाडांचं वजन मुळांसकट लिहिलेलं होतं. मी वकिलांना म्हटलं, शेंड्यांचंच धरलं तर किलोच्या आत येईल की. ते म्हणाले, इथे वजनाचा प्रश्नच नाही. झाड होतं की नव्हतं, एवढंच. जमिनीच्या धारकाने अशा झाडाची खबर द्यायची, नाही तर तोही दोषी, असं कलम ४६ म्हणतं. पण त्यासाठी त्याने 'जाणूनबुजून' हयगय केली हे दाखवावं लागतं, आणि मालक तर मुंबईत होता.

बघा कसं बसतं ते. बिया ज्यांनी झटकल्या त्यांचा गुन्हा अल्प प्रमाणातला, आणि तोही त्या रात्री खिशात काही सापडलं असतं तर. जमीन ज्याची, त्याला माहीत नव्हतं. हाताला माती ज्याच्या, त्याला दहा वर्षांचं कलम. त्याची नोकरी गेली. तारखेला जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं गेलं. बंगल्यावर आता सीसीटीव्ही आहे आणि दर शनिवारी पार्टी आहे.

हे एकट्याचं दुर्दैव नाही. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने मुंबईतली २०१७ आणि २०१८ ची दहा हजारांहून जास्त प्रकरणं तपासली. जवळपास सगळी स्वतःच्या सेवनाची होती आणि सुमारे ८७ टक्के गांजा-चरसची. पकडले गेलेल्यांत मोठा भरणा रोजंदारीवर जगणाऱ्यांचा, झोपडपट्टीत आणि फुटपाथवर राहणाऱ्यांचा. ज्या शहरात प्रत्येक टेक पार्कच्या मागच्या टपरीवर काय मिळतं हे सगळ्यांना माहीत आहे, त्या शहरात.

जुना अहवाल, जुनीच चूक

हे झाड गुन्हा आहे, ही समजूत आपल्याकडे पिढ्यान् पिढ्यांची नाही. १८९३ साली ब्रिटिश सरकारने हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं. मॅकवर्थ यंग अध्यक्ष, सदस्यांत तीन हिंदी गृहस्थ. त्यांनी हिंदुस्थानभर फिरून ११९३ साक्षी नोंदवल्या आणि १८९४ मध्ये अहवाल दिला. तेव्हा मुंबई इलाख्यात अहमदनगरसारख्या जिल्ह्यात गांजाचं पीक उघड्या शेतात घेतलं जात होतं.

त्या अहवालातला मला सगळ्यात आवडलेला भाग डेटाचा आहे. गांजाने वेड लागतं, असं तेव्हाच्या वेड्यांच्या इस्पितळांचे आकडे सांगत होते. १८९२ साली दाखल झालेल्यांपैकी २२२ जणांच्या नावापुढे कारण म्हणून गांजा-भांग लिहिलं होतं. आयोगाने एकेक प्रकरण उकरलं. तेव्हा कळलं, की रुग्णाला आणणाऱ्या पोलिसाने जे कारण सांगितलं तेच कारकुनाने वहीत उतरवलं होतं, आणि वहीतलं तेच वर्षाच्या अहवालात गेलं होतं. निम्म्याहून जास्त नोंदी टिकल्या नाहीत. आयोगाचा निष्कर्ष असा होता, की बेतशीर सेवनाने फारसं नुकसान होत नाही, अतिसेवनाने होतं, आणि सरसकट बंदी घातली तर लोक याहून वाईट गोष्टींकडे वळतील. कर लावा, परवाने ठेवा, नियंत्रण करा.

आयोग काही संत नव्हता. सरकारला अबकारी उत्पन्न हवं होतं, ही गोष्ट नाकारता येत नाही. पण पुरावा तपासायची पद्धत त्यांनी पाळली. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर आपण बांधले गेलो आणि १९८५ मध्ये हा कायदा आला. २०२० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात कॅनबिसला सर्वांत घातक पदार्थांच्या यादीतून काढण्यावर मतदान झालं. २७ विरुद्ध २५. बाजूने मत देणाऱ्यांत भारत होता. तिकडे हात वर केला आणि इकडे राखणदाराला बेड्या तशाच.

मी काय म्हणत नाही

आता ज्यांनी एव्हाना कमेंट टाइप करायला घेतली असेल त्यांच्यासाठी.

गांजा निरुपद्रवी आहे, असं मी म्हणत नाही. कोवळ्या वयात, रोज, आणि त्यातही ते हायड्रोपोनिक प्रकरण ओढणाऱ्या मुलांच्या डोक्याचं काय होतं, ते मी हॉस्टेलवर पाहिलंय. ज्यांच्या घरात मानसिक आजाराचा इतिहास आहे त्यांच्यासाठी धोका आणखी मोठा. एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत सुमारे ३ कोटी १० लाख लोकांनी वर्षभरात भांग-गांजा-चरस घेतल्याचं आढळलं. त्यातल्या सुमारे ७२ लाखांना या सेवनाबाबत मदतीची गरज होती. बहात्तर लाख हा आकडा 'चिल' म्हणून झटकायचा नाही. पण त्यांना डॉक्टर लागतो, हवालदार नाही.

'शंकराचा प्रसाद' हा युक्तिवादही मी करत नाही. देवाच्या आड लपून हक्क मागायचा नसतो. आणि औषधाच्या नावाखाली मोठ्या कंपन्यांना परवाने मिळावेत, बाटलीतलं तेल चकचकीत वेष्टनात विकलं जावं, आणि सातपुड्यातला शेतकरी मात्र आरोपीच राहावा, अशा 'सुधारणे'साठी तर मी एक ओळही लिहिणार नाही.

मुद्दा एवढाच. थोडं सेवन हा छोटा गुन्हा, हे संसदेने स्वतः २००१ साली मान्य केलंय. मग थोडी लागवड हा मोठा गुन्हा कसा? ज्याने कुंडी लावली त्याने काही नसेना, एक गोष्ट तरी केली. तो बाजारात गेला नाही. ज्या माणसाकडे गांजा मागितला की तो हळूच 'दुसरंही आहे' म्हणून एमडीची पुडी दाखवतो, त्याच्या दारात तो गेला नाही. आजचा कायदा तरुणाला सांगतो, बाबा रे, लावू नकोस, विकत घे, स्वस्त पडेल. दंडानेही आणि वर्षांनीही.

एक ओळीची दुरुस्ती

म्हणून माझी मागणी लहान आहे. कलम २० च्या पहिल्या भागाला पायरी द्या. प्रौढ माणूस, स्वतःच्या राहत्या जागेत, दोन-तीन झाडं, विक्रीचा पुरावा नाही. याला 'अल्प लागवड' म्हणा आणि निदान अल्प प्रमाणाइतकीच वागणूक द्या. मजुरी किंवा राखण करणाऱ्या माणसावर कलम ५४ चं गृहीतक लादू नका. आधी झाड कुणासाठी होतं ते शोधा.

हे काही जगावेगळं नाही. दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयाने २०१८ च्या सप्टेंबरात प्रौढांनी खाजगी जागेत स्वतःपुरतं लावणं आणि वापरणं गुन्हा ठरवता येणार नाही असं सांगितलं. आधार होता खाजगीपणाच्या हक्काचा. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढाला घरी तीन झाडं लावता येतात. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीही २०१७ साली एकमताने म्हटलंय. त्या निकालाचा अर्थ बाल्कनीतल्या कुंडीपर्यंत पोचतो की नाही, हे कधीतरी कुणीतरी विचारायलाच हवं.

तोपर्यंत कुंडी लावू नका. हे मी गंभीरपणे सांगतोय. कायदा आज जसा आहे तसाच तुमच्यावर लागेल आणि तेव्हा हा लेख काही कामाला येणार नाही.

आणि कर्जत-खालापूरला याल तेव्हा एवढं करा. बंगल्यावर गेट उघडणाऱ्या माणसाचं नाव विचारून घ्या. रात्री काय करायचं ते तुम्ही ठरवालच, पण बिया त्याच्या अंगणात झटकू नका. आमच्याकडे पाऊस भरपूर पडतो. टाकाल ते उगवतं, आणि सोमवारी तुम्ही ऑफिसात पोचता तेव्हा त्याला पाणी घालणारा माणूस इथेच असतो.

त्याची पुढची तारीख अजून लागायची आहे. माडीवरचा दिवा मी काढून टाकला. मिरच्या अंगणात आहेत, यंदाही पावसात कुजतील.